मान्य नावाचं बटण

पेणजवळच्या एका पाणीयोजनेवर मी पहिल्यांदा शिकवायला गेले, त्या दिवशी वर्गात एकही माणूस आला नाही. रामवाडीतल्या घरून मी वेळेआधीच निघाले होते. प्रोजेक्टर लावला, चहाचा थर्मास भरून आणला, फळ्यावर वळणदार अक्षरात माझं नाव लिहिलं. साडेदहा झाले तरी समोर अकरा रिकाम्या खुर्च्या. शेवटी सुपरवायझरला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, मी काल एकेकाला फोन करून सांगितलं, उद्या सगळ्यांना स्काडा आहे म्हणून."

घोटाळा तिथेच झाला होता. मी जे सॉफ्टवेअर शिकवते त्याला स्काडा म्हणतात. कंत्राटावरच्या माणसाने हा शब्द जन्मात ऐकलेला नसतो, खाडा मात्र त्याला चांगलाच ठाऊक असतो. त्यात सुपरवायझरच्या तोंडात कायम तंबाखू. "उद्या सगळ्यांना खाडा" असं कानावर पडल्यावर कोण कशाला येईल? निम्मे घरी झोपले, उरलेले शेतावर गेले, आणि एक जण दुपारी माझ्याशी भांडायला आला. "आमी काय केलं म्हनून खाडा?" मी त्याला स्काडा म्हणजे काय ते समजावू लागले. त्याने पाच मिनिटं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते समदं ऱ्हाऊ दे. खाडा मांडलाय का नाय, तेवढं सांगा."

तेव्हा आधी माझा धंदा काय तो सांगून टाकते. माझ्या सख्ख्या बहिणीलाही तो अजून कळलेला नाही. ती लोकांना सांगते, "आमची ताई नळ दुरुस्त करायला शिकवते." तसं नाही. नदीचं किंवा धरणाचं पाणी प्लांटमध्ये येतं. तिथे त्याला तुरटी देतात, गाळ बसवतात, वाळूतून गाळतात, क्लोरीन घालतात आणि टाकीत चढवतात. सांडपाण्याच्या प्लांटमध्ये उलटा कारभार. तिथे घाण पाणी येतं, त्यात मोठ्या पंख्यांनी हवा फुंकून जिवाणू पोसतात, ते जिवाणू घाण खातात, मग गाळ तळाला बसवून वरचं निवळ पाणी सोडून देतात. दोन्हीकडे पंप, झडपा आणि टाक्या. पूर्वी माणूस चालत जाऊन झडप फिरवायचा आणि टाकीत काठी घालून पाणी मोजायचा. आता ते सगळं कंट्रोल रूममध्ये एका पडद्यावर दिसतं. पंप चालू असेल तर हिरवा, बंद असेल तर करडा, बिघडला तर लाल. इथे माऊस दाबला की तिकडे झडप उघडते. या पडद्याला स्काडा म्हणतात. कुठे बघायचं, काय दाबायचं आणि मुख्य म्हणजे काय दाबायचं नाही, हे मी माणसांना शिकवते. गेली काही वर्षं गुडघे बोलायला लागल्यामुळे कामं कमी केली आहेत, जीभ मात्र अजून पूर्ण वेळ कामावर आहे.

काय दाबायचं नाही हे शिकवणं जास्त अवघड. पेणच्याच त्या योजनेवर खंडेनवमीला मशिनरीची पूजा झाली. पंपांना झेंडूचे हार घातले, पॅनलपुढे नारळ फोडला, आणि नव्या टचस्क्रीनला कसं वगळायचं म्हणून तिला मनोभावे हळदकुंकू लावलं. हळदीच्या बोटाने गाळणी धुण्याची झडप उघडली. कुंकवाच्या बोटाने "खात्री आहे का?" या प्रश्नाला होय म्हटलं. पुढचा पाऊण तास गाळणी उलट्या पाण्याने धुऊन निघत होती, टाकी रिकामी होत होती, आणि सगळे ऑपरेटर हात जोडून आरती म्हणत होते. ऐन सणात खालच्या गावांना पाणी गेलं नाही. मी त्यानंतर माझ्या पुस्तिकेत एक ओळ घातली, "पूजेआधी पडदा बंद करावा." मुंबईच्या एका इंजिनियरने ती वाचून मला विचारलं होतं की, पूजा हा काही तांत्रिक शब्द आहे का.

पण मला सांगायचं आहे ते रोह्याचं. तिथल्या सांडपाण्याच्या एका प्लांटचं मी नाव घेणार नाही, कारण त्या प्रकरणात सगळ्यात मोठी चूक माझी होती आणि प्लांट बिचारा आपलं काम नीट करत होता.

तिथे चार ऑपरेटर होते. चौघांतल्या दोघांचीच नावं लक्षात ठेवली तरी चालेल. पहिला गजानन म्हात्रे, सगळ्यांचा नाना. कुंडलिकेच्या खाडीकाठच्या गावचा, घराणं मिठागरावरचं. साठीला दोन वर्षं कमी, अजून कंत्राटावरच, आणि मुलगी अलिबागला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. मुलीचं शिक्षण होईतो नोकरी टिकली पाहिजे, एवढंच त्याचं मागणं. दुसरा हसनचाचा, नदीच्या पुलापलीकडे अष्टमी गावात राहणारा. हा एकोणीस वर्षं आखातात समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्लांटवर होता, त्यामुळे त्याला स्काडा माझ्याइतकाच येत होता. पण त्याने हे मला वर्ग संपेपर्यंत सांगितलं नाही. का नाही सांगितलं म्हणून विचारलं, तर म्हणाला, "मॅडम इतक्या मोहब्बतीनं शिकवत होत्या, दिल कशाला तोडायचा?"

अडचण अशी होती की पडदा इंग्रजीत होता. मी प्लांटच्या साहेबांना, सुर्वेसाहेबांना म्हटलं, मी सगळं मराठीत करून देते. साहेब नियमाचे पक्के आणि कागदाचे भुकेले. त्यांनी मंजुरी दिली. मी आधी हौसेने मशिनकडून भाषांतर करवून पाहिलं. पंप ट्रिप झाला, म्हणजे बंद पडला, याचं मशिनने "पंप क्रमांक तीन सहलीला" असं केलं. ते वाचून नाना म्हणाला होता, "जाऊ दे बिचाऱ्याला, रविवार हाय." मग मी स्वतः बसले. सुरू, बंद, टाकी, पातळी, गाळ इथपर्यंत गाडी झकास चालली. अडली ती एका बटणावर.

हे बटण समजून घ्या, कारण पुढचा सगळा तमाशा त्याचाच आहे. काही बिघडलं की पडद्यावर लाल ओळ उघडझाप करू लागते आणि भिंतीवरचा हुटर बोंबलतो. ऑपरेटरने एक बटण दाबायचं. त्याचा अर्थ इतकाच की, बाबा रे, मला कळलं, आता तू गप्प बस. बटण दाबलं की हुटर थांबतो, आणि कोणी किती वाजता दाबलं याची नोंद होते. इंग्रजीत त्याला ॲक्नॉलेज म्हणतात. मराठीत काय म्हणायचं? पोच म्हटलं तर कुरियर आठवतो. "दखल घेतली" बटणात मावत नव्हतं. आठवडाभर मी तो एक शब्द शोधत होते. एके दिवशी रोह्याला जाताना खांब गावाजवळ हायवेवर ट्रेलर आडवा झाला, दीड तास गाडी जागची हलली नाही, आणि तिथे मला शब्द सुचला. मान्य. छोटा, भारदस्त, बटणात बसणारा. मी गाडीतच स्वतःची पाठ थोपटून घेतली. "पाहिलं" हा शब्दही डोक्यात येऊन गेला होता, पण तो मला फार साधा वाटला. शाळेत मला मराठीत पैकीच्या पैकी मिळायचे, त्याचा हा परिणाम.

महिन्याने मी पाहणीला गेले तर गेटवरच हुटर ऐकू आला. पण दबका, कोणीतरी तोंडावर उशी धरल्यासारखा. आत गेले. पडदा वरपासून खालपर्यंत लाल. साठएक ओळी उघडझाप करतायत. हुटरला तांदळाचं पोतं गुंडाळलेलं आणि त्यावर नानाचा जुना बनियन बांधलेला. माझ्या पाहणीसाठी बोलावलेले चौघेही ऑपरेटर खाली डबे उघडून बसलेले, आणि नाना मला बघून म्हणतो, "ये गो मॅडम, कोलंबी हाय."

मी धावत जाऊन पंप पाहिले. सगळे ठणठणीत. हवेचे ब्लोअर चालू, टाक्या जागच्या जागी. म्हणजे बिघाड झाले होते आणि यांनी दुरुस्तही केले होते. फक्त बटण कोणी दाबलं नव्हतं. माझा पारा चढला. "अरे, एक बटण दाबायला काय होतं तुम्हाला? महिनाभर शिकवलं ना मी?"

नानाने डब्याला झाकण लावलं. मग हसनचाचा घसा साफ करून म्हणाला, "मॅडम, मान्य कोण करील?"

नानाने भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेला कागद काढून माझ्यापुढे धरला. रोज सकाळी सुर्वेसाहेबांच्या टेबलावर जाणारा तो अहवाल होता, सुरुवातीच्या एका दिवसाचा. "हे वाच गो. मोठ्यानं वाच."

मी वाचलं. "दुपारी दोन दहा. गाळपंप बंद पडला. ग. रा. म्हात्रे. मान्य." पुढची ओळ. "दुपारी तीन. टाकी भरून वाहिली. ग. रा. म्हात्रे. मान्य."

"मी व्हायलो काय?" नानाने विचारलं. "टाकी व्हायली. त्या वक्ताला मी वाकून पंपातली चिंधी काढत होतो. आन् कागद काय बोलतो? म्हात्रेला मान्य. उद्या काय झालं तर सायब हाच कागद नाचवील. बोलेल, तूच कबूल केलायस."

मी त्यांना समजावलं की इथे मान्य म्हणजे गुन्हा कबूल नाही, नुसतं कळलं. चौघांनी माना डोलावल्या. नोकरीत मुरलेला माणूस असल्या खुलाशाला कशा माना डोलावतो ते मला ठाऊक आहे. त्यांच्या जागी मी असते तर मीही बटणाला हात लावला नसता.

"तुमच्या आखातात कोण दाबायचं?" मी हसनचाचाला चिडून विचारलं.

"सगळे दाबायचे! बटनावर ॲक लिहिलेलं. ॲक म्हणजे काय, ते मल्याळ्याला ठाऊक नाय, मिसऱ्याला ठाऊक नाय, मला नाय. बिनधास दाबायचो. तुम्ही मतलब सांगितलात आणि तिथंच घोळ झाला."

तिथल्या तिथे शब्द बदलायला हवा होता. मी बदलला नाही. खांबला सुचलेला शब्द असा सहजासहजी सोडवेना. मी त्यांना म्हटलं, भीती वाटते तर माझ्या डेमोच्या खात्यावर जाऊन सराव करा, त्यात तुमचं नाव येत नाही. ट्रेनिंगसाठी मी एक खोटा ऑपरेटर तयार केला होता. सॉफ्टवेअर नावाआधी आद्याक्षर मागत होतं, म्हणून प्रशिक्षणातला प्र घालून मी त्याला "श्री. प्र. डेमो" केलं होतं. पासवर्डही डेमोच. ट्रेनिंग संपलं की असं खातं बंद करायचं, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. मी शंभर लोकांना तो शिकवला असेल, आणि इथे माझ्याच हाताने ते खातं उघडं ठेवून घरी आले.

पुढच्या महिन्यापासून हुटर शांत झाला. पोतं निघालं, नानाचा बनियन सुटला. सुर्वेसाहेबांनी मला बोलावून अहवालांची चळत दाखवली. प्रत्येक ओळीपुढे मान्य, मान्य, मान्य. मी खुशीने फुलले. मान्यच्या रकान्याकडे पाहण्याच्या नादात त्याच्या शेजारचा नावाचा रकाना मी वाचलाच नाही. साहेबांनीही वाचला नव्हता. वाचला तो मुंबईच्या हेड ऑफिसने.

हेड ऑफिसला दिसलं ते असं. रोह्याच्या प्लांटवर प्र. डेमो नावाचा एक कर्मचारी आहे. तो सकाळी असतो, दुपारी असतो, रात्रपाळीलाही असतो. हुटर वाजल्यापासून अर्ध्या मिनिटात तो हजर होतो. रविवारी येतो, गणपतीत येतो, शिमग्याला येतो. त्याने कधी रजा घेतलेली नाही. बाकीचे चौघे त्या काळात एकदाही काही मान्य करताना दिसत नाहीत. हेड ऑफिसने डेमोला प्रशस्तिपत्र पाठवलं. "श्री. प्रभाकर डेमो यांस." प्रचा प्रभाकर कोणी केला ते आजवर कळलेलं नाही. तिथल्या एका क्लार्कने तर सुर्वेसाहेबांना फोनवर विचारलं, हे डिमेलो तर नव्हेत, कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीतले? साहेबांना वाटलं, असेल कोणीतरी नवा भरलेला माणूस. हेड ऑफिस म्हणतंय त्याअर्थी असणारच. त्यांनी प्रशस्तिपत्र नोटीस बोर्डावर लावलं.

ऑपरेटर महिनाभर त्यावर हसले. मग पुढच्या वर्षीच्या कंत्राटाची यादी आली आणि हसू मावळलं. हेड ऑफिसने हिशेब मांडला होता की डेमो एकटा तिन्ही शिफ्ट सांभाळतो, तेव्हा चौघांपैकी एक माणूस जास्त होतो. वयाने मोठा कोण? म्हात्रे. नानाचं नाव कापलं होतं. त्याच्या जागी, नीट टाईप केलेलं, प्र. डेमो.

मला हे हसनचाचाने फोन करून सांगितलं. "मॅडम, या जरा. मजाक मजाकमध्ये मजाक मोठा झालाय."

मी गेले तेव्हा नाना गेटसमोरच्या मोरीच्या कठड्यावर बसला होता. पायाशी डबा, अंगावर कंपनीचा शर्ट. गेटवरच्या वॉचमनकडे यादी होती आणि यादीत नाव नसलेल्या माणसाला तो आत सोडत नव्हता. वॉचमन नानाच्या चुलत्याचा मुलगा. तो रोज सकाळी नानाच्या पाया पडायचा आणि गेट लावून घ्यायचा. घरी कळलं तर मुलीच्या कानावर जाईल म्हणून नाना रोज शिफ्टच्या वेळेला निघून इथे येऊन बसत होता. आतून एखादा ऑपरेटर कंपाऊंडच्या भिंतीवर डोकं काढून ओरडायचा, "नाना, दोन नंबरचा ब्लोअर गरम होतोय!" नाना इथून ओरडून उपाय सांगायचा. मध्ये रस्त्यावरून टँकर जायचा. निम्मं ऐकू जायचं, निम्मं नाही. त्या पंधरवड्यात दोन नंबरच्या ब्लोअरवर जे काही प्रयोग झाले ते मी इथे लिहीत नाही.

मला बघून नाना जागचा उठला नाही. म्हणाला, "तुझा डेमो लई मोठा झाला गो मॅडम. मी त्याच्या नावानं पंप दुरुस्त केले, तो माझ्या जाग्यावर गेला." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मला रडू आलं, आणि रडू आलं याचाच इतका संताप आला की मी तशीच सुर्वेसाहेबांच्या केबिनमध्ये शिरले.

"साहेब, डेमो नावाचा माणूस नाही."

"यादीत आहे."

"तो मी बनवलाय. शिकवण्यासाठी. तो खोटा आहे."

साहेबांनी चष्मा काढला. "मॅडम, असं कसं? त्याच्या अहवालावर रोज माझी सही आहे. प्रशस्तिपत्र बोर्डावर आहे. तो खोटा असला तर मी आठ महिने काय वाचत होतो?" चष्मा पुन्हा चढवून ते अगदी प्रामाणिकपणे म्हणाले, "हे मी मान्य करू शकत नाही."

घरी येऊन मी हेड ऑफिसला पत्र लिहिलं. शब्द मी निवडला, खातं मी बनवलं, ते उघडं मी ठेवलं, चूक सर्वस्वी माझी आहे, गजानन म्हात्रे यांना पूर्ववत घ्यावं. खाली सही केली. आपल्या नावापुढे चूक लिहिताना काय वाटतं ते मला त्या दिवशी कळलं, आणि हेच मी चार माणसांना हसतखेळत रोज करायला सांगत होते याची लाज वाटली.

उत्तर तीन आठवड्यांनी आलं. हेड ऑफिसने माझ्या तक्रारीची गंभीर दखल घेतली होती. मात्र सदर कर्मचारी श्री. डेमो यांचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय त्यांच्यावर कारवाई करणं अन्यायाचं होईल, असं त्यांचं मत पडलं. मी फोन केला. पलीकडच्या बाईंना सांगितलं की अहो, डेमोला म्हणणंच नाही, तो नाहीच. त्या म्हणाल्या, "तसं त्यांनी लेखी कळवायला हवं."

डेमोला पहिली नोटीस प्लांटच्या पत्त्यावर आली. वॉचमनने सही करून घेतली. डेमोने उत्तर दिलं नाही. दुसरी आली. हसनचाचा म्हणाला, त्याच्या वतीने आपण माफी लिहून देऊ, अंगठा मी लावतो. मी त्याला हात जोडून थांबवलं, नाहीतर डेमो कायमचाच झाला असता. तिसऱ्या नोटिशीनंतर हेड ऑफिसने श्री. प्रभाकर डेमो यांना उर्मट वर्तनाबद्दल कामावरून कमी केलं. बोर्डावरचं प्रशस्तिपत्र काढलं आणि तिथेच तो आदेश लावला. हसनचाचा त्यापुढे दोन मिनिटं उभा राहिला. "बंदा मेहनती होता," म्हणाला.

डेमो गेल्यामुळे एक जागा रिकामी झाली. त्या जागेसाठी नानाने अर्ज केला आणि त्याला घेतलं. नवा उमेदवार म्हणून. बारा वर्षांची नोकरी कागदावरून पुसली गेली, ती मला अजून भरून देता आलेली नाही. वर नव्या उमेदवाराला ट्रेनिंग सक्तीचं, म्हणून मला बोलावणं आलं. ज्या माणसाने मला त्या प्लांटची एकेक झडप हाताला धरून दाखवली होती, तो पहिल्या बाकावर नवी वही घेऊन बसला आणि मी फळ्यावर लिहिलं, "पंप म्हणजे काय?" नानाने ते खाली मान घालून वहीत उतरवून घेतलं.

माझ्याकडचं भाषांतराचं काम काढून घेतलं होतं. जाताजाता फक्त त्या एका बटणावरचा शब्द बदलायची परवानगी मिळाली. मी मान्य खोडला आणि तो साधा, मला कमी वाटलेला शब्द घातला. पाहिलं. चौघांनी बटण पाहिलं, आपापसात कुजबुजले आणि नाना म्हणाला, "हां. आता बरं हाय. पाहिलं तर पाहिलं." पहिला दिवस मी तिथेच बसून होते. गाळपंप बंद पडला, हुटर वाजला, नानाने स्वतःच्या नावाने बटण दाबलं. दुसऱ्या दिवशी अहवाल छापून आला. "ग. रा. म्हात्रे. पाहिलं." मला वाटलं, सुटलो सगळे.

तिसऱ्या दिवशी सुर्वेसाहेबांचा मेमो आला. "गाळपंप बंद पडल्याचे आपण पाहिले, असे अहवालावरून दिसते. पाहिल्यानंतरही तो आपण बंद का पडू दिला, याचा दोन दिवसांत लेखी खुलासा करावा."

कंट्रोल रूममध्ये मेमो सगळ्यांच्या हातून फिरून पुन्हा नानाकडे आला. हसनचाचा सगळ्यात आधी सावरला. "मॅडम, ॲक घाला. माझं ऐका. कुणाला काय कळायला नको." बाकीचे दोघेही तेच म्हणू लागले. एकाने तर आणखी एखादा डेमो करता येईल का, असं हळूच विचारलं. मी पण हरले होते. म्हटलं, घालते ॲक, आणि नाना, तो मेमो द्या इकडे, खुलासा मी लिहून देते.

नानाने मेमो दिला नाही. चष्मा लावून तो सावकाश वाचत होता, पहिल्या ओळीखाली बोट ठेवून. बोट पुढे सरकत नव्हतं.

"खुलासा लिवू मागून," तो म्हणाला. "आधी हे वाच गो. हितं वर. कोनाचं नाव हाय?"

मी वाकून पाहिलं. "श्री. गजानन रामा म्हात्रे, ऑपरेटर."

"व्हय ना? डेमोचं नाय ना?" नाना म्हणाला. त्याने मेमोची नीट घडी घातली, शर्टाच्या खिशात ठेवली, खिशाचं बटण लावलं आणि गाळपंप बघायला निघून गेला.